निळी चोच

भिंतीत पाणी मुरतंय हे रंगाऱ्याला नुसत्या वासावरून कळायचं. त्यात तो पक्का होता. पण भिंती हुंगून हुंगून त्याला माणसंही हुंगायची खोड लागली होती, आणि तिथं तो तेवढा पक्का नव्हता. हे त्याला सांगणार कोण?

मेव्हणा टोपलीत कोंबडी घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा रंगाऱ्याने दोघांनाही वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

तीन वर्षांनी आला होता तो. मागे शिडी मागून नेली आणि परत आणली ती एक पायरी मोडून. वर म्हणाला, "आधीच तडकली होती." रंगाऱ्याने त्याला चारचौघांत खोटारडा म्हटलं. झालं! येणं-जाणं, बोलणं-चालणं सगळं बंद. बायकोला पाठचा भाऊ तो एकच. तिने घरात त्याचं नाव काढायचं सोडलं, पण ती शिडी दिसली की मान फिरवायची.

"आमच्याकडे पिल्लं भरपूर झालीत, दाजी. म्हटलं एक ताईला द्यावी. अजून तलंग आहे, पण महिन्याभरात अंड्यावर येईल."

"काय झालंय तिला?"

"कुणाला?"

"कोंबडीला! फुकट देतोयस म्हणजे काहीतरी झालेलंच असणार. डोळा बघ कसा मिचकावतेय."

"तुमच्याकडे बघून कुणीही मिचकावेल," बायको आतून आली आणि टोपली घेऊन मोकळी झाली. मेव्हणा चहाही न घेता गेला. रंगाऱ्याने तेही मनात टिपून ठेवलं. चहाला का थांबला नाही?

परसात त्याच्या तीन जुन्या कोंबड्या होत्या. थोरली, भुंडी आणि कवडी. थोरली म्हणजे सगळ्यांची सासू. रंगारी रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसला की ती शेजारच्या डब्यावर चढून बसायची आणि त्याच्या तळहातावरून खायची. नवीला एकदम त्यांच्यात सोडली तर टोचून मारतील, म्हणून बायकोने तिला कोपऱ्यात जाळीमागे ठेवलं. आठवडाभर एकमेकींची तोंडं बघू देत, मग बघू.

रंगाऱ्याला वेगळीच काळजी. हिने कसला रोग आणला असला तर? म्हणून तो रोज सकाळी, बायको पाणी भरायला गेली की, एक अंडं तळहातावर फोडायचा आणि थोरलीपुढे धरायचा. "खा बाई, ताकद येईल. त्या कार्टीने अंगात काय आणलंय कुणास ठाऊक." थोरली चाटूनपुसून खायची.

आठवड्याने बायकोने दिवे लागायच्या वेळेला तलंगेला उचलून तिघींच्या झोपायच्या दांड्यावर, अगदी टोकाला बसवलं. सकाळी उठल्यावर त्यांना वाटेल, ही इथलीच.

"कोंबड्या काय इतक्या खुळ्या असतात?" रंगारी म्हणाला.

खुळ्या नव्हत्याच. सकाळी थोरलीने तलंगेच्या मानेची पिसं उपटली, दाण्याच्या परातीपासून हाकलली. ती बिचारी डब्याच्या आडोशाला उभी राहायची आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं टिपायची.

"बघितलंस? थोरलीलाही संशय आलाय."

"थोरलीला नाही, तुम्हाला आलाय. ती तुमच्या वळणावर गेलीय."

मग अंडी गायब व्हायला लागली. अंडी घालायच्या खोक्यातलं गवत ओलं चिकट, टरफलाचे तुकडे पडलेले. रंगाऱ्याने कपाळावर हात मारला. अंडीखाऊ! म्हणून दिली होय! एकीचं बघून सगळ्या शिकतील आणि मेव्हणा घरी बसून हसेल. त्याने तिथल्या तिथे फोन लावला. "रविवारी ये आणि तुझी चोरटी घेऊन जा. नाहीतर मी कापून मोकळा होतो."

बायकोने ते ऐकलं. ती भांडली नाही, म्हणून तो जरा घाबरला.

"तीन वर्षांनी आला होता तो," ती म्हणाली. "कोंबडी परत नेली तर या जन्मी पुन्हा दारात उभा राहायचा नाही. तिने खाल्लं हे बघितलंत तुम्ही?"

"बघायला कशाला पाहिजे?"

"मला पाहिजे. दाखवा."

"दाखवतो!"

त्याने एका अंड्याला भोक पाडून आतलं काढून टाकलं, कणकेच्या पातळ खळीत कपड्यांची नीळ कालवून ती आत भरली आणि भोक मेणाने बुजवलं. रविवारी सकाळी अंडं खोक्यात ठेवलं आणि डब्यावर टपून बसला. आता चोच रंगली की चोर सापडला.

पहिली आत शिरली ती तलंगच. रंगारी ताडकन उठला. "अगं ये लवकर! तुझ्या भावाची करणी बघ!"

तलंग बाहेर आली. चोच स्वच्छ. थोरलीची नजर चुकवायला नुसती लपली होती आत. ती बाहेर पडते न पडते तोच थोरली आत घुसली. टक्. टक् टक्. आणि बाहेर आली ती डोळ्यांपर्यंत निळी होऊन. तशीच डुलत डुलत आली, डब्यावर चढली आणि रंगाऱ्याच्या तळहातात वाकून बघायला लागली. रोजचं अंडं कुठाय?

 रंगाऱ्याने फडकं ओढलं आणि घाईघाईने तिची चोच पुसायला लागला. नीळ तिच्या गळ्याला लागली, त्याच्या सदऱ्याला लागली, मिशीलाही लागली.

"ती तुमच्या हातात काय शोधतेय?" बायको मागे उभी होती.

त्याला सांगावं लागलं. सगळं. रोगाचं, ताकदीचं, रोजच्या अंड्याचं. ती हसली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. मेव्हणा रिकामी टोपली घेऊन आला होता, चेहरा दगडासारखा. "कुठाय ती? द्या, निघतो."

 बायको नुसती नवऱ्याकडे बघत राहिली.

"ही काय," रंगारी म्हणाला आणि काखेतली निळी थोरली पुढे केली. "चोरटी ही आहे. आणि शिकवलं मी."

मेव्हण्याला काही कळेना. रंगाऱ्याने घसा खाकरला. "आणि ती शिडीची पायरी... तडकलेली असेलही आधीच. रोज माझाच भार तिच्यावर."

मेव्हण्याने बहिणीकडे बघितलं. "ताई, यांना बरंबिरं नाहीये का?"

"बस खाली. चहा टाकते."

तो बसला, पण टोपली मांडीवरून हलवेना. दाजी इतक्या सहज माघार घेतात म्हणजे यात नक्की काहीतरी आहे. चहा आला, तो त्याने आधी हुंगला, मग प्यायला. तिकडे थोरलीची रवानगी जाळीमागे झाली होती आणि तलंग पहिल्यांदाच परातीच्या काठावर उभी राहून टिपत होती, मान वर करकरून, कोण येतंय का बघत.

मेव्हणा उठला तशी बायकोने टोपली त्याच्या हातातून काढून घेतली. "ही राहू दे इथे. पुढच्या रविवारी ये न्यायला."

"अगं पण..."

"राहू दे म्हणतेय ना ती," रंगारी म्हणाला. मग टोपली हातात घेऊन त्याने चारही बाजूंनी फिरवून मेव्हण्याला दाखवली. "पण आत्ताच नीट बघून घे. धड आहे ना? नंतर म्हणशील मी मोडली."