एक मेचा प्रश्न

कळमनुरीच्या प्रश्नमंजुषेत माझी नात ज्योती आणि गुलनाज यांचे गुण समान होते. शेवटच्या प्रश्नावर चषक ठरणार होता: एक मे रोजी कोणती ऐतिहासिक घटना घडली?

आधी हात वर करून ज्योती म्हणाली, “हिंगोली जिल्हा झाला.”

“चूक. महाराष्ट्र राज्य झालं. चषक गुलनाजचा,” परीक्षक गुरुजी म्हणाले.

मी उठले. “एका तारखेला एकच घटना घडते काय? राज्य साठ साली झाले, जिल्हा नव्याण्णव साली.”

“आजीबाई, खाली बसा. आमच्या कागदावर तसं नाही.”

मी उभीच राहिले.

तेव्हा गुलनाज बोलली, “सर, आजी बराबर बोलून राहिल्या. त्या साली माझ्या अब्बांनी गावोगावच्या पाट्यांवरचं ‘जिल्हा परभणी’ पुसून ‘जिल्हा हिंगोली’ रंगवलं.”

गुरुजींनी निर्णय बदलून चषक ज्योतीला दिला. तो हाती येताच मी ज्योतीला बजावले, “आधी गुलनाजच्या हातात दे.”