बत्तीचा साचा आणि लिलाववाल्याचा जबडा

मी साचा बोलतोय. केकचा नव्हे, मूर्तीचाही नव्हे. दुकानात येऊन ज्याचं नाव कुणी मोठ्याने घेत नाही, अशा औषधाचा साचा. मागच्या वाटेने द्यायची औषधाची बत्ती असते ना, डॉक्टर लोक जिला सपोझिटरी म्हणतात, ती माझ्या पोटात घडते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

मोंतेविदेओच्या बंदराजवळ एका इटालियन ओताऱ्याने मला पितळेत ओतलं. माझे दोन भाग आहेत. ते जोडून स्क्रू आवळले की आत बोटाच्या पेराएवढ्या पोकळ्या तयार होतात. मिनास गावचे औषधवाले आन्सेल्मो बेंतांकोर मला घेऊन आले आणि त्यांच्यामागे त्यांची मुलगी नेलिदा दुकान चालवू लागली. नेलिदा हाताने कडक आणि मनाने हळवी. कोकोचं लोणी मंद आचेवर वितळवून, त्यात औषध घोटून ती माझ्यात ओतायची, तेव्हा सगळ्या दुकानात चॉकलेटचा वास सुटायचा. गिऱ्हाइकं नाक वर करून विचारायची, "आज काय बेत, नेलिदाबाई?" ती बेत सांगायची आणि माणसं गप्प व्हायची.

माणसांची मला मोठी गंमत वाटते. पोटदुखीचं रडगाणं चारचौघांत गातील, पण माझ्या बत्त्या मागायच्या म्हटलं की पुढचं गिऱ्हाईक जाईपर्यंत टूथपेस्टच्या नळ्या चाळत बसतील. लाजणारा माणूस खोटं बोलतोच असं नाही, पण अर्धं सांगतो. औषधाच्या कामात ते अर्धं फार महाग पडतं.

वाल्देमार तेचेरा हा आमच्या भागातला गुरांचा लिलाव पुकारणारा. त्याची जीभ एकदा सुटली की बैलाच्या किमती घोड्यासारख्या धावायच्या आणि एकही आकडा कुणाला चुकीचा ऐकू यायचा नाही. त्याला फिट्स येतात हे फक्त त्याच्या बायकोला, झुल्माला ठाऊक होतं. हिवाळ्याच्या मोठ्या बाजारात ते सगळ्यांना कळलं. भर लिलावात फिट आली, तो मचाणावरून तोंडावर पडला आणि खालचा जबडा मोडला.

दातांचे डॉक्टर इराझोकी यांनी वरच्या आणि खालच्या दातांना तारा गुंफून त्याचं तोंड मिटून टाकलं. हाड जुळेपर्यंत ते तसंच राहायचं होतं. त्याच्या गळ्यात दोरीने तार कापायची छोटी पक्कड अडकवून दिली आणि झुल्माला बजावलं, "उलटी झाली, श्वास कोंडला, तर विचार करत बसू नका. कापा. पण एक लक्षात ठेवा, कापलं की हाड सरकणार. मग हा पुन्हा पूर्वीसारखा बोलेल याची मी हमी देणार नाही."

फिटचं औषध तोंडाने घेतलं की वाल्देमारला मळमळायचं आणि बांधलेल्या तोंडात उलटी म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून डॉक्टरांनी बत्ती लिहून दिली, एक सकाळी आणि एक संध्याकाळी. आणि गोष्ट माझ्यापर्यंत आली.

संध्याकाळची बत्ती लागू पडायची. रात्र शांत जायची. दुपार झाली की मात्र तोंडाच्या कडा थरथरायला लागायच्या, हात आखडायचा, कधी छोटीशी फिटही यायची. झुल्मा पक्कड हातात घेऊन उभी राहायची आणि फिट ओसरली की दुकानात धावत यायची.

"बाई, सकाळची बत्ती आत जाते कुठे तेच कळत नाही. कामच करत नाही मेली."

नेलिदा विचारात पडली. तिने आधी माझ्यावर संशय घेतला. मला उघडून धुतलं, वजन करून पाहिलं. मग चरबीवर, म्हणजे त्या कोकोच्या लोण्यावर घेतला. औषध चरबीत पुरतं विरघळलं की तिथेच रमतं, शरीरात उतरायला मागत नाही, म्हणून तिने त्याचा पाण्यात विरघळणारा क्षार आणवला, म्हणजे चरबी वितळली की औषध बाहेर पडेल. तो आणखी बारीक घोटला. मला बर्फावर ठेवून थंड केलं. नवऱ्याला डाव्या कुशीवर झोपवायला झुल्माला सांगितलं आणि बत्ती फार खोल सरकवू नकोस, म्हणजे औषध यकृताकडे न जाता सरळ रक्तात मिसळेल, हेही समजावलं. झुल्माने सगळं तसंच केलं. दुपारी हात आखडायचा तो आखडलाच.

एके दिवशी वाल्देमारही बरोबर आला. गाल आत गेलेले, ओठांमागे तारा चमकत होत्या. मिटलेल्या दातांमागून तो बोलायचा आणि झुल्मा उलगडून सांगायची.

"काय म्हणतोय?" नेलिदाने विचारलं.

"म्हणतोय, गाई इतक्या वेळा तपासून घेतल्या असत्या तर एकही विकली गेली नसती." झुल्मा हसली. "आयुष्यभर ओरडला हा माणूस. आता घरात इतकी शांतता आहे, की मला माझ्याच चपलांचा आवाज येतो. खरं सांगू? ती नको झालीय मला."

नेलिदाने आपला भोपळ्याचा पेला उचलला, नळीतून माटेचा एक घोट घेतला आणि चौकशी सुरू केली. इथली सगळी माणसं ते कडू हिरवं पाणी दिवसभर ओढतात. थर्मास काखेत, पेला हातात, तशीच चालतात, तशीच भांडतात.

"सकाळी बत्तीच्या आधी काही खातो-पितो का?"

"काही नाही. उपाशीपोटीच."

"नंतर?"

"तासभर काही नाही. तुम्हीच सांगितलं होतं ना? व्रत पाळावं तसं पाळतो."

"पोट साफ होतं का? पातळ खाण्यावर असलेल्या माणसाला त्रास होतो."

वाल्देमारने मान फिरवली आणि खिडकीकडे बघू लागला. बायकोदेखत या गोष्टी बोलायची त्याला सवय नव्हती. झुल्माच म्हणाली, "रोज सकाळी. त्याची काळजी नको."

नेलिदाला बरं वाटलं. चला, एक चिंता मिटली, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिने पेल्यात आणखी गरम पाणी ओतलं आणि सवयीने वाल्देमारपुढे धरला. त्यानेही सवयीने घेतला. दात बांधलेले असले तरी नळी ओठांत मावत होती. तिघंही तो एकच पेला फिरवत बत्ती का लागू पडत नाही याची चर्चा करत राहिली. मी फडताळावरून बघत होतो. मला तोंड नाही याचं दुःख मला आधी कधी झालं नव्हतं.

त्यानंतरच्या आठवड्यात मोठी फिट आली. स्वयंपाकघरात, जेवणाच्या वेळी. उलटी झाली, वाल्देमारचा चेहरा निळा पडला आणि झुल्माने विचार न करता एकेक तार कापली. तिने त्याचा जीव वाचवला. जबडा मात्र सरकला.

इराझोकींनी पुन्हा तारा बांधल्या. दुसऱ्या दिवशी झुल्मा दुकानात येऊन बसली. नेलिदाने तिला पेला भरून दिला.

"सकाळी तर अगदी चांगला होता हो," झुल्मा सांगू लागली. "उठला, बत्ती घेतली, अंगणात माटे पीत बसला, मग नेहमीसारखा संडासला जाऊन आला..."

"थांब." नेलिदाचा आवाज बदलला. "बत्तीनंतर माटे?"

"हो."

"मी विचारलं तेव्हा तू काही नाही म्हणालीस, झुल्मा."

"काही नाहीच की. माटेला कुणी खाणंपिणं म्हणतं का?"

गरम माटेने सकाळी पोट हलतं, हे या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रोज सकाळी बत्ती वितळायची आणि औषध रक्तात उतरायच्या आत माटे सगळं धुऊन बाहेर काढायचा. तिने चरबीला विचारलं होतं, क्षाराला विचारलं होतं, मलाही विचारलं होतं. आपल्याच हातातल्या पेल्याला विचारायचं राहिलं होतं.

त्या दिवसापासून वाल्देमार आधी माटे पिऊन, संडासला जाऊन यायचा आणि मगच बत्ती घ्यायचा. मी तोच, चरबी तीच, औषध तेच. हात आखडणं थांबलं. तारा काढेपर्यंत एकही फिट आली नाही. मला आनंद व्हायला हवा होता.

हाड वाकडंच जुळलं. वाल्देमार बाजारात परत गेला, मचाणावर चढला आणि पहिल्याच गाईचा आकडा लोकांनी परत विचारला. दुसऱ्या गाईलाही विचारला. तिसऱ्या गाईनंतर तो स्वतःच खाली उतरला. हे झुल्माने सांगितलं. तो कधी बोलला नाही.

परवा तो गोळ्या न्यायला आला होता. आता त्याला गोळ्या चालतात. रेडिओवर लिलाव सुरू होता, कुणी नवा माणूस पुकारत होता. वाल्देमार ऐकत उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते. नेलिदाने रेडिओ बंद करायला हात पुढे केला, तेव्हा तो काहीतरी म्हणाला.

"काय?" नेलिदाने विचारलं.

"राहू दे," तो परत म्हणाला. या वेळी अगदी सावकाश.

आता बत्त्या कारखान्यातून चकचकीत वेष्टनात येतात. माझ्या स्क्रूंवर हिरवा गंज चढलाय आणि महिनोन्‌महिने मला कुणी उघडत नाही. त्याची तक्रार नाही. भंगारात घातलंत तरी चालेल, पितळ कुणाच्या ना कुणाच्या कामी येतं. मागणं एवढंच आहे. तुमच्यासमोर कुणी आजारी माणूस "काहीच घेतलं नाही" म्हणाला, तर त्याच्या हाताकडे बघा. मग स्वतःच्याही.