एका नावाची दोन घरं

टेबलाखालून तारोबाचे फक्त पाय दिसत होते. तोंडात बॅटरी, डाव्या हातात निळी तार, आणि उजव्या हाताने तो भिंतीजवळची जोडणी चाचपत होता.

"आहेस ना रे अजून?" वरून नोंदताईंनी विचारलं.

"आहे, आहे." त्याने बॅटरी तोंडातून काढली. "तार ठणठणीत आहे, ताई. तुमच्या-माझ्यापेक्षा धडधाकट."

"तेच तर तीन महिने सांगतेय मी. तारेला काही झालेलं नाही, मला काही झालेलं नाही. मग माझ्या नोंदी खातंय कोण? उंदीर?"

त्या रक्तपेढीत त्याला सगळे तारोबाच म्हणत. संगणक, तारा, सर्व्हर, साऱ्यांची दुखणी त्याच्या वाट्याला. नोंदताईंकडे दात्यांचं रजिस्टर, तेही बावीस वर्षं. कोणाचा रक्तगट कोणता, कोणी शेवटचं रक्त कधी दिलं, कोणाला सुई बघूनच घेरी येते, हे सगळं त्यांना मुखोद्गत. रक्त देऊन उठलेल्या माणसाला त्या दोन बिस्किटं खायला लावत. मग तो केवढाही मोठा असो, बिस्किटं पोटात गेल्याशिवाय दाराबाहेर सोडत नसत.

पूर्वी जाड वह्या होत्या. आता आतल्या नेटवर्कवर एक पान होतं, त्यात लिहायचं. आणि त्याच पानातून तीन महिन्यांत एक्केचाळीस नोंदी नाहीशा झाल्या होत्या. पिशव्या होत्या, त्यांच्यावर क्रमांक होते, पण रक्त कोणाचं ते रजिस्टरला ठाऊक नव्हतं. त्यातली पहिलीच पिशवी दुर्मीळ गटाची. मोठ्या डॉक्टरांनी तीनदा विचारलं होतं, ही कोणाची? ताईंचं उत्तर तिन्ही वेळा एकच: "नोंद केली आहे, साहेब. शोधली की सापडेल."

आज चार वाजता निर्णय होता. रजिस्टर काढून घ्यायचं आणि ताईंना भांडारात बसवायचं, कापसाचे गठ्ठे राखायला. ताईंनी डबा, चष्म्याचं घर आणि खुर्चीवरची उशी कापडी पिशवीत भरूनही ठेवली होती. घड्याळात सव्वातीन झाले होते.

तारोबाच्या मनाला मात्र दुसरंच काही टोचत होतं. तीन महिने ताई तक्रार करत होत्या आणि तीन महिने तो वरच्या मजल्यावरून फोनवर एकच वाक्य फेकत होता: "माझ्याकडे तर सगळं बरोबर दिसतंय."

"एक नोंद करा बरं," तो बाहेर येत म्हणाला. "माझ्यासमोर."

ताईंनी सकाळच्या एका दात्याची नोंद केली. कळ दाबली. नोंद पडद्यावर आली.

तो दोन जिने चढून आपल्या टेबलाशी गेला. पान उघडलं. नोंद नव्हती. धावत खाली आला. होती! पुन्हा वर. नव्हती! तिसऱ्या खेपेला त्याचा सदरा पाठीला चिकटला होता, पण डोळे कसे चमकत होते! कथा रंगात येते, सांगणारा क्षणभर थांबतो, आणि ऐकणारा आपोआप सरसावून बसतो, तसं त्याचं झालं.

"उठा ताई. मला तुमच्या खुर्चीत बसू द्या."

"बस. पण ती आणखी खाली करू नकोस. एकदा खाली गेली की वर येत नाही, साहेबांच्या मर्जीसारखी."

"पान कसं उघडता तुम्ही? पहिल्यापासून सांगा."

"कसं म्हणजे? नाव लिहिते."

"आणि?"

"आणि काय? नावाने हाक मारली की येतं."

तारोबाची बोटं कळफलकावर तशीच थबकली. नाव! अहो, तीन महिन्यांत त्याने ते नाव एकदाही लिहिलं नव्हतं. संगणकांना मुळात नावं कळत नाहीत, त्यांना आकड्यांचे पत्ते लागतात. नाव दिलं की त्याचा पत्ता सांगणारी एक यादी असते. त्या यादीचा राखणदार तारोबाच. पण त्याला सगळे आकडे पाठ. नाव घेणं म्हणजे नवशिक्यांचं काम. तो थेट आकडा लिही. मोठ्या डॉक्टरांच्या पडद्यावरही त्याने आकड्याचंच चित्र बसवून दिलं होतं, एकदा टिचकी मारली की झालं.

त्याने लॅपटॉप उघडला आणि यादीलाच विचारलं: या नावाचा पत्ता काय?

यादीने दोन ओळी दिल्या. एक पत्ता अकरावर संपत होता. दुसरा सातवर.

"ताई!" तो ओरडलाच. "एका नावाची दोन घरं आहेत!"

"अगोबाई! आणि घरच्यांना पत्ता नाही?"

"सापडलं, ताई, सापडलं! अकरा म्हणजे नवा सर्व्हर. तुम्ही नाव लिहिलंत की यादी कधी अकराकडे पाठवते, कधी सातकडे. निम्म्या नोंदी इकडे, निम्म्या तिकडे. मी आणि साहेब फक्त अकराच बघत बसलो!"

ताईंनी गालाला हात लावला. "म्हणजे आपल्या गाडीचा ड्रायव्हर खरंच बोलत होता? पानावरचं परिपत्रक दिसलं नाही म्हणाला, तर साहेबांनी केवढं झापलं त्याला!"

तारोबाने सातचा पत्ता लिहिला. पान उघडलं. गेल्या तीन महिन्यांतल्या नोंदी: बेचाळीस.

"एक्केचाळीस आणि आत्ताची एक," तो हसत म्हणाला. "नुसता आकडा दिसतोय. नावं तुमच्या पासवर्डामागे आहेत."

"तिथेच राहू देत," ताई म्हणाल्या. जरा घाईनेच म्हणाल्या. "पण हे सात नंबरचं घर आहे कुठे?"

"ते जुनं मशीन. पण ते तर केव्हाच बंद..." त्याने वाक्य अर्धवट सोडलं. "आलोच."

शीतगृहामागे अडगळीची खोली होती. रिकाम्या खोक्यांच्या आडून एक बारीक घरघर येत होती. त्याने खोकी बाजूला केली. जुनं मशीन फळीवर बसलं होतं, अंगावर धुळीचा थर, आणि हिरवा दिवा डोळा मिचकावत होता. पुढच्या बाजूला चिठ्ठी चिकटवलेली: 'बंद केले. वापरू नये.' खाली सही. खाली तारीख.

सही त्याची होती. तारीख आठवावी लागली नाही. ती त्याच्या मुलीची जन्मतारीख होती.

त्या दुपारी तो इथेच उभा होता. चिठ्ठी लिहून झाली होती, चिकटवून झाली होती. उरलं होतं ते मशीन बंद करणं आणि यादीतून सात खोडणं. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. बायकोचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिचा गट दुर्मीळ, पेढीत एकही पिशवी नाही. तो मशीनकडे बघत नुसता उभा राहिला, तेव्हा दारातून ताई खेकसल्या होत्या: "अरे जा ना! मशीन काय पळून जातंय? गट जुळणारं माणूस मिळालंय मला. रक्त येतंय तुझ्या मागोमाग." आणि रक्त आलं. मुलगी झाली, बायको वाचली. त्या आनंदात मशीन कोणाला आठवतंय?

चिठ्ठीचा डिंक वाळला होता. त्याने नख लावलं तसा कोपरा सहज सुटला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. नोंदी नव्या सर्व्हरवर न्यायच्या, सर्व्हरची काही गडबड होती म्हणायचं; सर्व्हर थोडाच तोंड उघडणार आहे? ताईही सुटल्या असत्या, तोही सुटला असता.

कोपरा हातात धरून तो थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने अंगठ्याने चिठ्ठी पुन्हा दाबून बसवली.

बेचाळीस नोंदी त्याने अकराच्या घरी पोचवल्या, यादीतून सात खोडला आणि तीन महिने उशिराने मशीन बंद केलं. घरघर थांबली. त्याने तार काढून मशीन उचललं. चांगलंच जड होतं.

चार वाजता त्याने खांद्याने केबिनचं दार ढकललं. ताई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्याने मशीन थेट मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं, चिठ्ठी त्यांच्याकडे करून.

"हे काय आणलंत?"

"ताईंच्या नोंदी यात होत्या, साहेब. एकही हरवली नव्हती."

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली. "बंद केले, असं तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"आणि चालू होतं?"

"आत्ता अर्ध्या तासापूर्वीपर्यंत."

"साहेब," ताई मध्येच म्हणाल्या, "त्या दिवशी मीच त्याला हाकललं होतं. अर्धी चूक माझ्या नावावर लिहा."

"चुकीची वाटणी मी करेन," डॉक्टर म्हणाले. "तारोबा, तुमचं ताकीदपत्र उद्या मिळेल."

"हो, साहेब."

त्यांनी आपल्या पडद्यावर पान उघडलं. नोंदी आल्या होत्या, ओळीने. ते अगदी पहिल्या नोंदीपाशी गेले, त्या दुर्मीळ पिशवीच्या. वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं आणि ताईंकडे पाहिलं. तारोबा नकळत पुढे झुकला, तसा डॉक्टरांनी पडदा वळवून घेतला.

"तुम्ही नाही. ही पिशवी ज्यांना चढली, त्यांच्या घरच्यांना दात्याचं नाव सांगत नाहीत."

तारोबा मागे सरला.

"तीनदा विचारलं मी तुम्हाला," डॉक्टर ताईंना म्हणाले.

"नोंद आहे म्हणून सांगितलं होतं. रजिस्टरबाहेर बोलायचं नाव नव्हतं ते."

"त्या दिवशी घरी कशा गेलात?"

"बसने," ताई म्हणाल्या. "जागा मिळाली बसायला. आणि निघण्याआधी दोन बिस्किटं खाल्ली होती."

तारोबाने वाकून ताईंच्या मांडीवरची पिशवी उचलली आणि तो खाली गेला. टेबलावर डबा ठेवला, शेजारी चष्म्याचं घर. उशी हातातच राहिली. मग पाना घेऊन तो खुर्चीखाली आडवा झाला.

ताई आल्या तेव्हा त्याचे फक्त पाय दिसत होते. एक वळसा, दुसरा वळसा. खुर्ची कुरकुरत वर आली.

"आहेस ना रे अजून?" त्यांनी विचारलं.

त्याने पाना खाली ठेवला.

"आहोत, ताई," तो म्हणाला. "तिघंही."