शून्याची हवा

"अहो, जाऊ का हो खाली चौकात?" बायकोचा फोन आला तेव्हा शून्यकाका चौकातल्या एका गच्चीवर हवा मोजणाऱ्या यंत्रापाशी उकिडवे बसले होते.

"मला काय विचारतेस? थोड्या वेळानं खिडकीतून चौकातला हवेचा फलक बघ. हिरवा असला तर जा, लाल असला तर पडदा ओढ."

"तुमच्यापेक्षा फलक बरा. विचारलं तर वसकन अंगावर तरी येत नाही!"

शून्यकाका हे नाव कचेरीनं ठेवलेलं. यंत्र खरं बोलतं का हे पाहायला त्याच्या नळीच्या तोंडावर गाळणी बसवायची. गाळलेल्या हवेत धुळीचा कण नसतो, म्हणजे आकडा शून्यावर यायलाच हवा. तो केसभर जरी वर राहिला, तरी काकांना घास गोड लागत नसे. साक्षात देव भेटायला आला असता, तरी काकांनी आधी त्याच्या नाकाला गाळणी लावून पाहिली असती.

आज शून्य चोख आलं. तपासणीपुरता बंद केलेला फलक काकांनी पुन्हा चालू केला आणि बायकोच्या टोमण्यावर हसत ते जिना उतरले. गाळणी नळीवरच राहिली.

कोपऱ्यावर चहाचा पेला ओठाला लागतो न लागतो, तोच कारकुनाचा फोन. "काका, चौकातला फलक शून्य दाखवतोय! आपण स्वर्गात पोचलो की काय? आधी कळवायचं तरी!"

काकांनी पिशवी चाचपली. गाळणीची डबी रिकामी. घरी फोन लावला, तो नुसताच वाजत राहिला. काका पेला टाकून धावत सुटले. नाकाला झोंबावा असा धूर. पण बायकोचा स्वतःच्या नाकापेक्षा नवऱ्याच्या यंत्रावर जास्त भरवसा.

हिरव्यागार फलकाखालच्या बाकावर ती बसली होती. पायांत ठेवणीतल्या चपला, मुठीत दम्याचा पंप.

"ओढलास का गं?"

"ओढला." ती थांबत थांबत बोलली. "हवा चांगली आहे हो. माझीच छाती कामातून गेली. स्वच्छ हवाही सोसेना, मग आता कशाची वाट बघायची?"

गप्प बसले असते, तर काकांचं नाव राहिलं असतं.

"तुझी छाती खरं बोलतेय," काका म्हणाले. "खोटं माझं यंत्र बोलतंय. मी गाळणी काढायला विसरलो."

"तुम्ही?"

"मीच. चल, घरी चल आधी."

तिनं पदर नाकाला लावला. "आधी वर जा आणि ती काढा. मला बघायचंय."

काकांनी गच्चीवर जाऊन गाळणी उपटली आणि कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. फलक पिवळा झाला, मग लाल. आकडा चढत गेला, तशी बाकावर मुटकुळं करून बसलेली ती हळूहळू ताठ होत गेली.