दिशाचा दात आणि सोसायटीचे उंदीर

दुधाचे दात का पडतात, या प्रश्नाचं उत्तर मानवजातीला केव्हाच सापडलेलं आहे. जबडा वाढतो, दात वाढत नाहीत. मग खालून मोठे दात वर येतात आणि छोट्यांना जागा सोडावी लागते. चारकोपच्या आमच्या सोसायटीत मात्र दात उंदीर बदलून देतात.

दिशाचा खालचा पुढचा दात मक्याच्या कणसात अडकून निघाला. तिचे आजोबा लवू, मूळचे मालवणकडचे, म्हणाले, "कौलार टाकूक व्हयो. उंदीर तो घेता नि आपलो देता. नायतर नवो येवचो नाय."

दिशा आजोबांच्या बोळक्याकडे बघून घाबरली. "तुमचे टाकले नव्हते?"

"माझे दुसऱ्यांदा पडले. तेका उंदीर काय करतलो?"

सात मजली इमारतीला कौलं कुठली? शेवटी दिशाच्या बाबाला, प्रीतमला, बागेतल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावरचं शोभेचं कौलारू छप्पर आठवलं. तिथे जाऊन दिशाने दात मुठीत धरला. "उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दात दे," म्हणत तिने हात उगारला, तोच सेक्रेटरी जयंतीताई अवतरल्या.

"उंदीर कसले? पेस्ट कंट्रोल करून घेतलंय मी. या सोसायटीत एकही उंदीर नाही."

दिशाने भोकाड पसरलं.

"अहो, एखादा तरी असेल ना," प्रीतम अजिजीने म्हणाला.

"एकही नाही!"

"मग काल माझे कांदे कोणी कुरतडले?" पहिल्या मजल्याच्या खिडकीतून वनमालाकाकू ओरडल्या. "तुम्ही?"

जयंतीताई निवडून आल्या होत्या त्याच मुळी उंदरांच्या मुद्द्यावर. त्यांनी काकूंकडे पाहिलं, मग दिशाच्या वाहणाऱ्या नाकाकडे पाहिलं, आणि खाली वाकल्या.

"आहेत गं, रडू नको. पंपाच्या खोलीत तर एवढाले आहेत."

"त्यांचे दात चांगले आहेत?" दिशाने हुंदका गिळून विचारलं.

"लिफ्टची वायर कोणी खाल्ली, बाई?"

एव्हाना खिडक्या-खिडक्यांत माणसं होती. दात कौलावर गेला. टाळ्या पडल्या. आजोबांनी तर शिट्टी मारायचा प्रयत्न केला. नुसतीच हवा आली. जयंतीताई कोणाकडेही न बघता घरी गेल्या.

संध्याकाळी दिशाची आई श्वेता मरोळच्या ऑफिसातून आली. "आ कर बघू," म्हणत तिने मोबाइलचा टॉर्च मारला.

नवा दात मागच्या बाजूने आधीच वर आलेला होता.