प्रॉम्प्टर नको

डोमनलाल पटले यांनी मुर्री गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, पंचवीस वर्षं एकच जुनं विनोदी नाटक बसवलं, आणि दर वर्षी पडद्याआड बसून त्यातली ओळन् ओळ आधी स्वतः म्हटली. नट ती ऐकून पुन्हा म्हणत. लोकांना प्रत्येक विनोद दोनदा ऐकायला मिळे आणि त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

२००७ साली त्यांनी नाटकाची वही सुनेच्या हाती दिली. दुर्गेश्वरी अंगणवाडीत पोरांची गाणी बसवायची, तेवढाच तिचा अनुभव. नाटक मंडळातल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. नाटक पडलं तर पुढल्या साली बाहेरून डायरेक्टर आणायचा, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. ते ऐकून दुर्गेश्वरी पेटली. तिने पहिलाच हुकूम सोडला, प्रॉम्प्टर नको, सगळ्यांनी पाठ करा. सोडला म्हणजे सासूमार्फत पोचवला. सासऱ्यासमोर तोंड उघडायची त्या घरात रीत नव्हती. डोमनलाल तालमीला आले की तिच्या डोक्यावर पदर यायचा आणि आवाज पार आत जायचा. शेवटी तेच बिचारे भिंतीकडे तोंड करून बसू लागले.

तालमी झकास झाल्या. मंडईच्या संध्याकाळी पहिले दोन प्रवेशही सुरळीत गेले. नाटकातला सासरा घरच्यांची गुपितं ऐकायला बहिरेपणाचं सोंग करतो, आणि तिसऱ्या प्रवेशात सून त्याचं बिंग फोडते. सून झालेली रिंकी तावातावाने पुढे आली, बोट रोखलं आणि गप्प उभी राहिली.

तिला ओळ पाठ होती. पण आधी कुणी म्हटल्याशिवाय बोलायची या मंडळात कुणालाच सवय नव्हती. इतके दिवस विंगेतून दुर्गेश्वरीच नकळत ओळी पुटपुटत होती. आत्ता मात्र पहिल्या रांगेत बसलेले सासरे, तिचे मामाजी, थेट तिच्याकडे बघत होते, आणि ही ओळ सासऱ्याला झाडायची होती. दुर्गेश्वरीचं पुटपुटणं थांबलं.

मांडवात कुजबूज सुरू झाली. शेजारच्या चैतरामने डोमनलालना कोपराने ढोसलं, तूच सांगून टाक म्हणाला.

“मी कायले सांगू?” डोमनलाल सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. “डायरेक्टर उभी हाय ना तिथं.”

दुर्गेश्वरीला असा राग आला, की मग कसली रीत न् कसलं काय. ती खणखणीत आवाजात ओरडली, “मामाजी, तुम्ही बहिरे नाही, लबाड आहात. सगळं ऐकता आणि मुकाट बसता.”

हसण्याने मांडव दणाणला. मग एकेक मान डोमनलालकडे वळली आणि हसू ओसरत गेलं. आता या घरात राहायचं कसं, एवढंच दुर्गेश्वरीला सुचत होतं.

डोमनलाल उठून उभे राहिले.

“वन्स मोर,” ते म्हणाले.

रिंकीने घाईघाईने तोंड उघडलं, तशी त्यांनी हाताने तिला थांबवलं. “तू नोको, बाई. माही सून बोलंल.”

दुर्गेश्वरी विंगेतून बाहेर, उजेडात आली. डोक्यावरचा पदर कधीच घसरला होता. सासऱ्याकडे बघत तिने ती ओळ पुन्हा म्हटली, पहिल्यापेक्षा मोठ्याने.