अध्यक्षांची शाब्बासकी

पहिलीच्या बाईंनी मागितलं होतं काय, तर मुलांना हाताळता येईल आणि चुकलं तर चुकलं म्हणून सांगेल असं एखादं साधंसं यंत्र. मिळाली काय, तर निवड समिती! आता समिती म्हटल्यावर तिच्यात पहिलीतलं कुणी नसणार हे ओघानंच आलं. सहा वर्षांच्या पोरांची वस्तू निवडायची, आणि निवडणाऱ्यांत सगळ्यात तरुण माणूस पन्नाशीचा.

विक्रेता यंत्राचा मोठा पडदा घेऊन थेट वर्गात आला. मुलांना मैदानावर पिटाळलं, कारण अध्यक्षांचं म्हणणं, "पोरं असली की काही नीट बघता येत नाही." समितीची मंडळी चिमुकल्या खुर्च्यांवर बसली, म्हणजे जेवढी मावली तेवढी.

आधी मुख्याध्यापक उठले. दोन चेंडू आणि दोन चेंडू, मिळून किती? त्यांनी चारवर बोट ठेवलं. पडद्यावर फुगे उडाले, गोड आवाज आला, "शाब्बास!" मुख्याध्यापक चक्क लाजले हो! उभ्या नोकरीत त्यांना शाब्बास म्हटलं होतं कुणी? घरचं तर नावच काढू नका. मग खजिनदारांना राहवेना, मग चिटणिसांना. दुसऱ्यांदा नंबर लावताना तर दोघांत जरा ढकलाढकलीच झाली.

शेवटी अध्यक्ष उठले. त्यांचा अंगठा चांगला जाडजूड. ठेवायला गेले चारवर, पडला तीनवर.

"अरेरे! पुन्हा करून बघ," यंत्र म्हणालं. तेही एकेरीत!

विक्रेत्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण गडी पोचलेला. "साहेब, सेटिंगचा प्रश्न आहे," म्हणत त्यानं कोपऱ्यात काहीतरी दाबलं. अध्यक्षांनी रागारागानं पुन्हा अंगठा आपटला, तो या खेपेला नऊवर.

"शाब्बास!" फुगेच फुगे.

"आता कसं!" अध्यक्ष खुलले. "हेच सेटिंग ठेवा. लहान मुलांचं मन मोडता कामा नये."

"पण साहेब, दोन आणि दोन नऊ कसे होतील?" बाईंनी विचारलं.

"बाई, जग कुठे चाललंय आणि तुम्ही कुठे!" अध्यक्ष म्हणाले. ठराव एकमतानं पास. बाईंच्या जुन्या मण्यांच्या पाट्या कपाटाच्या माथ्यावर गेल्या. यंत्र आल्यावर मणी कशाला?

मुलं काय दूधखुळी असतात? चार दिवसांत त्यांनी यंत्राचं पाणी जोखलं. कुठेही हात मारा, शाब्बास! कुणी कोपरानं गणित सोडवी, कुणी नाकानं. बोटं मोजणं बंदच झालं. बाईंचा जीव तीळ तीळ तुटे, कारण सगळ्यात मन लावून मोजणारा पोरगा सगळ्यात आधी बिघडला होता. तो अध्यक्षांचा नातू. पूर्वी ओठ चावत, एकेक मणी सरकवत बसायचा. उशीर लावायचा, पण उत्तर बरोबर. एकदा बाईंनी त्याच्यापुढे दोन्ही हातांची दोन दोन बोटं धरली. "किती रे?"

"नऊ," म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला. "बाई, शाब्बास म्हणा ना."

बाई नाही म्हणाल्या. पोरगं रडत घरी गेलं.

दुसऱ्या दिवशी आजोबा वर्गात हजर. "शाब्बास म्हणायला तुमच्या जिभेला काय हाड आलं होतं का?"

बाई मागे हटल्या नाहीत. "साहेब, तुम्हीच विचारा त्याला."

अध्यक्षांनी बोटं धरली. "सांग बाळा, दोन आणि दोन?"

"नऊ."

"नऊ काय, गाढवा! नीट मोज."

"मोजायचं कशाला? यंत्रात बरोबर येतं." नातवानं आजोबांचा हात धरून त्यांना पडद्यापाशी नेलं आणि नऊवर थाप मारली.

"शाब्बास!"

अध्यक्ष फुग्यांकडे बघतच राहिले. हे नऊ त्यांच्या ओळखीचे होते. चेहरा खर्रकन उतरला. मग म्हणाले, "बाई, पूर्वीसारखं करता येईल का हे?"

"येईल. पण मग ते कुणाचीही भीड ठेवणार नाही."

"करा."

बाईंनी कोपऱ्यातलं बटण दाबलं. खात्री करायला अध्यक्षांनी स्वतःच अंगठा पुढे केला. पुन्हा तीनवर.

"अरेरे! पुन्हा करून बघ."

नातवानं त्यांची बाही ओढली. "आजोबा, अंगठा नको. एक बोट घ्या. आणि आधी मोजा."

अध्यक्ष चिमुकल्या खुर्चीवर कसेबसे टेकले. "एक... दोन..." पडद्यावरचे चेंडू मोठ्यानं मोजायला लागले. मागे बाई स्टुलावर चढून मण्यांच्या पाट्या खाली काढत होत्या.

"तीन... चार." बोट चारवर पडलं. यंत्र शाब्बास म्हणालं, फुगे उडाले. अध्यक्षांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते नातवाच्या तोंडाकडे बघत होते.

नातवानं स्वतः एकदा मोजून पाहिलं, बोटांवर, ओठ चावत.

"हं," तो म्हणाला, "आता बरोबर आहे."